पाव्हण्यांना दाखवलेला सिनेमा

अतुलच्या मनात वाईट काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं आत्यापासून बायकोपर्यंत सगळ्यांनी त्याला जे जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. धाकट्या भावाचं, प्रणयचं, लग्न जमावं, एवढंच त्याला वाटत होतं. पण चांगल्या मनाच्या माणसाला एकदा कल्पना सुचली की घरच्यांनी सावध राहायला पाहिजे, आणि पुंडलिकनगरच्या त्या घरात त्या दिवशी कोणी सावध नव्हतं.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी सिल्लोडला मंजुषाला पाहायला गेले, तेव्हा तिच्या वडलांनी, फकिराभाऊंनी, सरळ विचारलं होतं, "पोरगा नेमकं करतो काय?" प्रणय म्हणाला, "रिगवर आहे. ड्रिलिंगला." फकिराभाऊंना काही उमगलं नाही. तेवढ्यात केसरबाई मध्ये पडली. केसरबाई म्हणजे पोरांची आत्या, लासूर स्टेशनची. हे स्थळ तिनंच आणलेलं. "समुद्रातून तेल काढतो. पंधरा दिवस तिकडं, पंधरा दिवस घरी. हेलिकॉप्टरनं जातो!" फकिराभाऊंनी मान हलवली, पण ती मान कळल्याची नव्हती, पाव्हण्यांसमोर हलवायची होती. ते अतुलनं टिपलं.

आज मुलीकडचे घर पाहायला येणार होते. दोनच दिवस आधी अतुलला मॉलमधल्या थेटरात एका सिनेमाचं पोस्टर दिसलं. समुद्रात उभी भलीमोठी रिग, वर हेलिकॉप्टर, पुढं केशरी कपड्यातला हिरो. इंग्रजी सिनेमा, पण हिंदीत डब केलेला. अतुल मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, पण त्या मोबाईलमध्ये सिनेमाची गोष्ट काय आहे एवढं बघायचं त्याला सुचलं नाही. सकाळच्या खेळाची तिकिटं काढून मोकळा झाला. आधी सिनेमा, मग जेवण, मग बोलणी.

प्रणय पहाटेच मुंबईहून आला होता. त्याला थेटराच्या दारात कळलं.

"दादा, हा नको. दुसरा कोणता पण बघू."

"लाजायलास काय येड्या! तुझं काम बघू दे की लोकांना."

"अरे, तसं नाय..."

"चल, चल. पाव्हणे उभे आहेत."

मध्यंतरापर्यंत अतुलसारखा सुखी माणूस साऱ्या शहरात नव्हता. हेलिकॉप्टर उतरलं. रिगवरची स्वच्छ खोली दिसली. जेवणाचा हॉल आला आणि टेबलावर एवढं काय काय मांडलेलं होतं की केसरबाई मोठ्यानं म्हणाली, "माय माय! रोज एवढं मटण?" फकिराभाऊ खूश. अतुल रांगेतून वाकून बोट दाखवून सांगत होता, "ते बघा, ते खाली, पिवळं हेल्मेट घातलेला. तिथंच उभा असतो आपला प्रणय. त्याच जागेवर!" मंजुषाच्या आईनं, लीलाबाईनं, तो पिवळ्या हेल्मेटवाला नीट पाहून ठेवला. मध्यंतरात अतुलनं सगळ्यांना समोसे दिले. प्रणयनं खाल्ला नाही.

मध्यंतरानंतर तेलाच्या विहिरीतून चिखल उसळायला लागला आणि सगळ्यात आधी तो पिवळ्या हेल्मेटवाला उडाला.

नुसता पडला असता तरी चाललं असतं. सिनेमावाल्यांनी त्याला सावकाश उडवला, दोन बाजूंनी दाखवला. मग आग लागली. माणसं जळत जळत समुद्रात उड्या मारायला लागली. लीलाबाईनं पदर तोंडावर घेतला. फकिराभाऊंच्या हातातला समोसा तसाच राहिला. अतुलला वाटलं, आता संपेल, आता संपेल. पण ते काही संपेना. बाजूला बसलेली विशाखा, त्याची बायको, त्याच्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "लई भारी सिनेमा आणलात हो."

रत्नमालानं मात्र डोळ्यांवर हात घेतला नाही. ती प्रणयची आई. नवरा, बन्सी, गेल्यावर अंगणवाडीच्या पगारात तिनं दोन पोरं वर आणली. प्रणय समुद्रात काम करतो हे तिला माहीत होतं, पण तिच्या डोळ्यांपुढं जे चित्र होतं ते वेगळंच होतं. समुद्राच्या काठाला एखादी बिल्डिंग असेल, पाण्यात थोडी पुढं गेलेली, आणि संध्याकाळी जिना उतरून माणसं जमिनीवर येत असतील. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच धरलं होतं. आता पडद्यावर चारी बाजूंनी पाणीच पाणी होतं आणि उतरायला जिना नव्हता. मला हे कोणी का नाही सांगितलं, असं तिला वाटलं. मग लगेच वाटलं, मी तरी कुठं विचारलं?

ती अंधारात पोराकडं बघायला लागली. प्रणय पडद्याकडं बघत नव्हता. मंजुषा त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती, तो तिच्याकडं बघत होता.

*

घरी आले तेव्हा हॉलमध्ये बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी अंथरलेली होती. विशाखानं पहाटे उठून पुरण घातलेलं, रस्सा केलेला. तिनं ताटं मांडायला घेतली तशी लीलाबाई म्हणाली, "ताटं राहू द्या, बाई. आधी बोलू."

विशाखाचा हात थांबला. बोलणी जेवणानंतर असतात. पाव्हण्यानं तुमच्या घरचा घास खाल्ला की निम्मं काम झालं, ही आपल्याकडची रीत. आणि आधी बोलू म्हणलं की ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं. केसरबाईचा चेहरा पडला. हे स्थळ तिनं उगीच आणलं नव्हतं. बन्सीच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन लासूरला करायचं की पुंडलिकनगरला, यावरून ती आणि रत्नमाला दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भाच्याचं लग्न जमवून भावजयीच्या घरात मानानं परत यायचं, असा तिचा बेत होता. तो बेत सख्ख्या भाच्यानं तिकिटं काढून बुडवला होता.

विशाखा ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मंजुषा आली. सिल्लोडच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते. बोलायला सरळ. पाण्याचा ग्लास घेऊन ती ओट्याला टेकली.

"वहिनी, खरं सांगा. तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला? मला एवढंच माहीत की भाऊजी येताना काजू आणतात आणि आल्यावर दोन दिवस नुसते झोपतात." विशाखानं पुरणपोळ्यांवर फडकं टाकलं. "घाबरलीस?"

"घाबरले. घाबरणार नाय तर काय?"

"मग नको करू."

मंजुषानं तिच्याकडं पाहिलं. असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. विशाखालाही नव्हतं. ही पोरगी घरात आली तर आपल्याला बोलायला कोणीतरी मिळेल, म्हणून तीच महिनाभर तिला फोन करत होती.

"मला विचारशील तर सांगते," विशाखा म्हणाली. "भाऊजी पंधरा दिवस नसतात. माझा नवरा रोज घरी असतो. तो घरी राहून काय उजेड पाडतो ते आज बघितलंस तू."

मंजुषाला हसू आलं. नको त्या वेळी आलं, म्हणून जास्तच आलं. दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसायला लागल्या. बाहेर हॉलमध्ये कोणीच काही बोलत नव्हतं, त्यामुळं ते हसणं सगळ्यांना ऐकू गेलं.

*

हॉलमध्ये केसरबाईनं सुरुवात केली. "लीलाबाई, सिनेमा तो! सिनेमात मेलेला माणूस दुसऱ्या सिनेमात नाचत असतो. खोटं असतं सगळं. सांग रे प्रणय, खोटं आहे म्हणावं."

सगळे प्रणयकडं बघायला लागले. मंजुषाही दारात येऊन उभी राहिली. आत्यानं वाट करून दिली होती, त्यानं नुसतं त्या वाटेनं चालायचं होतं. मंजुषा त्याला हवी होती. महिनाभर ते फोनवर बोलत होते, आणि या मुलीशी बोलून झाल्यावर समुद्रातला दिवस लवकर जातो, हे त्याला कळून चुकलं होतं. एक 'हो, खोटं' म्हणलं असतं तर ताटं वाढली गेली असती.

"निम्मं खोटं आहे," तो म्हणाला.

केसरबाईनं कपाळावर हात मारला.

"कुठलं निम्मं?" लीलाबाईनं विचारलं.

"आग लागल्यावर कोणी असं उभं राहून भाषण देत नाय. आणि एवढ्या चुका कोणी करू देत नाय. दर आठवड्याला सराव असतो, अलार्म वाजला की कोण कुठं जाणार ते ठरलेलं असतं."

"आणि खरं काय?"

"खालून गॅस येतो. ते खरं आहे."

"तू असताना आलता?"

प्रणयनं आईकडं पाहिलं. रत्नमाला भिंतीला टेकून बसली होती, पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून.

"आलता," तो म्हणाला. "मागच्या दिवाळीच्या आधी. बाकीचे सगळे लाईफबोटीपाशी गेले. आम्ही चौघं-पाचजण फ्लोअरवर, विहिरीपाशीच, थांबलो. विहिरीचं तोंड बंद करायचं काम आमचंच असतं. केलं बंद. गॅस हळूहळू काढून टाकला. एवढंच. कोणाला खरचटलं पण नाय."

"एवढंच!" अतुल म्हणाला. "अरे, घरी सांगितलं नाय तू? मला तरी?"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या पुंडलिकनगरला सांगितलं असतं."

यावर अतुल गप्प बसला. आज दिवसभरात त्याला एवढं कळलं होतं की गप्प बसणं बरं.

रत्नमालानं तांब्या खाली ठेवला. "दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "तू फोन केला होतास. भर दुपारी. मी चकलीची भाजणी भाजत होते."

"व्हय."

"काय करायलीस म्हणून विचारलंस. मी सांगितलं. मग परत विचारलंस, काय करायलीस. भाजणीत काय काय घालतात म्हणून विचारलंस. मी म्हणलं, आज काय झालंय याला? रिकामा दिसतोस, म्हणलं. भाजणी करपायली, ठेव आता."

"व्हय आई. मग ठेवला."

"तो त्याच दिवशीचा फोन?"

"सगळं झाल्यावर केला होता. फोन करायला सोडलं तेव्हा."

रत्नमालानं डोळ्याला पदर लावला नाही. ती पोराकडं बघतच राहिली, आणि ते बघणं लीलाबाईला सोसवेना, म्हणून तीच बोलली. "ताई, मी वाईट नाय. पोरगा चांगला आहे, खरं बोलला. पण आमचे हे लाईनमन होते. वादळ झालं, तार तुटली, की भर पावसात पोलवर. सारी नोकरी मी दाराकडं कान लावून काढली. अंगणात सायकल वाजेपर्यंत घशाखाली घास नाय. माझ्या पोरीनं पण तेच करायचं? जमिनीवरचा पोल तरी दिसायचा मला."

"तुमचं बरोबर आहे," रत्नमाला म्हणाली. "माझी पोरगी असती तर मी पण दिली नसती."

केसरबाई उडालीच. "रत्ने! अगं, तू कोणाकडून बोलायलीस? पोराची आई ना तू?"

"पोराची आई आहे म्हणूनच बोलायले." आणि प्रणयकडं वळून म्हणाली, "सोड ती नोकरी. इथं वाळूजच्या कंपन्यांत बघ, शेंद्र्याला बघ. कमी पगार असू दे."

आता दोन्हीकडच्या आया एका बाजूला झाल्या. फकिराभाऊंना तेवढंच हवं होतं. ते पुढं सरकले. "पोरानं नोकरी बदलतो म्हणावं. तारीख आजच धरू. काय पाव्हणे?"

ही दुसरी वाट. ही पहिलीपेक्षा सोपी होती, कारण हिच्यात खोटं पण नव्हतं. आज 'हो' म्हणून उद्या खरंच सोडता आली असती.

"मला ते काम आवडतं," प्रणय म्हणाला. "ते काही मोठेपणा मिरवायला सांगत नाय मी. हात चालतो माझा तिथं. इथं एका कारखान्यात होतो सहा महिने. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं. मग झाडू कोणाच्या हातात द्यायचा ते त्याचं ठरलं. रिगवर पहिल्या दिवशी विचारलं, चक्कर येते का, पोहता येतं का. बस. आता पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली माणसं येतील. सोडतो म्हणलं तर मंजुषा आज मिळेल मला. आणि नंतर मी तिच्यावरच चिडचिड करीन. मला माझा स्वभाव माहीत आहे."

फकिराभाऊ उठले, शर्ट सारखा केला. "ठीक आहे. कळवतो."

कळवतो म्हणजे काय, हे लग्नाच्या बोलण्यांत बसलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. विशाखानं पुरणपोळ्यांचा डबा भरून आणला. लीलाबाईनं हातानंच नको म्हणलं. मंजुषानं तो डबा घेतला, "जय भीम काकू," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

*

मग जे व्हायचं ते झालं. केसरबाईनं अतुलला धुतला. अतुलनं प्रणयला म्हणलं, तुला एक खोटं बोलता येत नव्हतं? विशाखानं नवऱ्याला म्हणलं, तुम्ही आता बोलूच नका. केसरबाई रत्नमालाकडं वळली.

"जमत आलेलं मोडलंस तू. मला पुन्हा या घरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय."

"मोडू दे. माझ्या पोराचा जीव..."

"तुझ्या पोराचा! अगं, बन्सी हॉस्पिटलात पडून गेला. जमिनीवर होता ना तो? घरापासून किती लांब होता? होतीस ना तू उशाशी?"

हे केसरबाई आजवर कधी बोलली नव्हती. रत्नमालाला राग यायला पाहिजे होता. पण तिला दिसलं की आत्याबाईंची मान थरथरायली आहे. तिनं सरकून सतरंजीवर जागा केली. केसरबाई बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींजवळ बसल्या, आणि कुठल्या वेळी बसल्या तर अशा.

प्रणय गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. संध्याकाळी विशाखानं तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हणून झालं, तेवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. सिल्लोडचा नंबर.

"काकू, मी मंजुषा."

"पोचलात का, बाई?"

"पोचलो. जेवलो पण. तुमच्या पुरणपोळ्या."

"आईनं खाल्ली?"

"दोन खाल्ल्या. रडत रडत."

केसरबाई जवळ सरकून कान लावून बसली. अतुल बोलायला तोंड उघडणार होता, विशाखानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"काकू, एक विचारायचं होतं," मंजुषा म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटत होतं की वाक्य गाडीत बसल्यापासून ती जुळवत आलेली आहे. "त्या दिवशी त्यांनी फोन तुम्हाला केला. लग्नानंतर तसं काही झालं, तर पहिला फोन कोणाला?"

"म्हणजे? तुझ्या घरचे..."

"पप्पा तयार आहेत. आई म्हणते, आधी हे विचार. पप्पा पोलवरून उतरले की आधी माझ्या आजीच्या घरी जायचे, मी सुखरूप आहे म्हणून सांगायला. आईला शेजारच्या बाईकडून कळायचं. इतकी वर्षं. ती म्हणते, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नको."

रत्नमालानं गॅलरीकडं पाहिलं. प्रणयची पाठ दिसत होती. कोणाचा फोन आहे ते त्याला अजून माहीत नव्हतं. या पोराची कुठलीही बातमी आजवर दुसऱ्या कोणाकडून तिच्याकडं आलेली नव्हती. पास झाला, नोकरी लागली, ताप आला, सगळं आधी आईला. एवढ्या मोठ्या समुद्रातून तो जगला-वाचला, आणि तिला भाजणीत काय काय घालतात ते विचारत बसला होता. ते आता दुसरीला द्यायचं. आणि नाही म्हणलं तर पोरगी हातची जाते, हे फोनला कान लावून बसलेल्या केसरबाईलाही कळत होतं. केसरबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला," रत्नमाला म्हणाली. नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "पहिला तुला करायचा. सांग तुझ्या आईला."

"आणि दुसरा तुम्हाला. लगेच."

"व्हय. पण खोटं नाय सांगायचं मला. जे असंल ते."

"नाय सांगणार."

"आणि हे बघ," रत्नमाला म्हणाली, आणि दिवसभर आवरून धरलेलं रडू आता तिला आवरेना. "दुसरा असू दे, तिसरा असू दे. पण मी कामात असले, ठेव म्हणलं, ओरडले तरी त्यानं फोन ठेवायचा नाय. एवढं तू सांग त्याला."